'नासाची अशी मागणी नाही': १३ महिला वैमानिक आणि कुणीच न घेतलेला निर्णय

अंतराळवीरांच्या तपासण्या दिलेल्या अमेरिकन वैमानिक जेरी कॉब आणि त्यांच्यासोबतच्या बारा वैमानिक स्त्रियांची हकीकत बहुतेक वेळा 'नासाने बायकांना नाकारलं' या एका वाक्यात उरकली जाते. कागदपत्रं बघितली, तर नासाने त्यांना रीतसर नाकारलेलंही दिसत नाही. नाकारायला आधी योजना लागते, अर्ज लागतो, कुणाची तरी सही लागते. इथे यातलं काहीच नव्हतं. एका खासगी संस्थेने तपासण्या केल्या, निकाल उत्तम आले, आणि त्या निकालांचं पुढे करायचं काय हे ठरवण्याचा अधिकार असलेल्या एकाही माणसाने ते मागितलेले नव्हते. या प्रकरणाचा अभ्यास मी याच बाजूने करतो आहे. अमेरिकेतल्या १९५८ ते १९६२ या काळातली नावं आणि कागद आता सार्वजनिक आहेत, त्यामुळे नावं झाकलेली नाहीत.

पार्श्वभूमी

डिसेंबर १९५८मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पहिले अंतराळवीर लष्करातल्या टेस्ट पायलटांमधूनच निवडायचं ठरवलं. कारण अगदी व्यवहारी होतं. या लोकांच्या नोंदी सरकारी दप्तरात तयार होत्या, गुप्तता पाळायची त्यांना सवय होती आणि नव्या यंत्रात बसून जीव धोक्यात घालणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्याखेरीज वय ४०च्या आत, उंची ५ फूट ११ इंचांपर्यंत, पदवी किंवा तिच्या तोडीचं शिक्षण, १,५०० तासांचं उड्डाण आणि जेटचा अनुभव हे निकष होते. ५०८ जणांच्या नोंदी चाळल्या गेल्या, त्यातले ११० निकषांत बसले, ३२ जण सविस्तर वैद्यकीय तपासणीसाठी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेले आणि एप्रिल १९५९मध्ये सात नावं जाहीर झाली.

लष्कराच्या टेस्ट पायलट शाळांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे स्त्रियांना वगळायचं असा वेगळा ठराव करण्याची गरजच पडली नाही. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धात हजाराहून जास्त अमेरिकन स्त्रियांनी एका खास महिला दलातून लष्करी विमानं उडवली होती. त्यांच्यातल्या ॲन बॉमगार्टनर यांनी तर १९४४मध्ये राइट फील्डवर जेट विमानही उडवलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात हे दल बरखास्त झालं आणि पुढची जवळजवळ तीन दशकं लष्करी विमानाच्या कॉकपिटचा दरवाजा स्त्रियांसाठी बंद राहिला. १९५९मध्ये ज्या अनुभवाची अट घातली गेली, तो अनुभव मिळवण्याची वाट पंधरा वर्षांपूर्वीच सरकारने बंद करून टाकली होती.

अल्बुकर्कीतल्या त्या तपासण्या डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांच्या संस्थेत झाल्या. लव्हलेस साधे डॉक्टर नव्हते, नासाच्या जीवविज्ञान सल्लागार समितीचे ते अध्यक्ष होते. स्त्रियांचा विचार त्यांच्या डोक्यात आला तो समतेच्या तळमळीतून आला असं मला वाटत नाही. तो आला वजनाच्या हिशेबातून. अमेरिकेचे अग्निबाण रशियाच्या मानाने कमी ताकदीचे आणि माणसाला वर नेणारं मर्क्युरी यान अगदी अंगाबरोबरचं. स्त्रीचं वजन कमी, तिला प्राणवायू कमी लागतो, तिच्यात हृदयविकाराचं प्रमाण कमी. मग ती का नको? हवाई दलाचे ब्रिगेडियर जनरल डोनाल्ड फ्लिकिंजर यांचंही हेच मत होतं. सप्टेंबर १९५९मध्ये या दोघांची मायामीत जेरी कॉबशी गाठ पडली.

कॉब तेव्हा २८ वर्षांच्या होत्या. ओक्लाहोमातल्या एका विमान कंपनीत वैमानिक, वेग, उंची आणि अंतर यांचे जागतिक विक्रम नावावर, आणि ७,००० तासांहून जास्त उड्डाण. त्या तयार झाल्या. पण काही आठवड्यांतच हवाई दलाने या कल्पनेतून अंग काढून घेतलं. लव्हलेस यांनी ती स्वतःच्या संस्थेत, खासगी पातळीवर पुढे न्यायचं ठरवलं. या निर्णयाकडे आपल्याला परत यायचं आहे.

तपासण्या आणि निकाल

फेब्रुवारी १९६०मध्ये कॉब अल्बुकर्कीत दाखल झाल्या. पुरुष उमेदवारांना दिलेल्याच तपासण्या. कानात बर्फाचं पाणी सोडून चक्कर आणायची आणि तोल किती वेळात परत येतो ते मोजायचं. पोटातलं आम्ल काढण्यासाठी रबरी नळी गिळायची. तिरक्या होणाऱ्या टेबलावर झोपून रक्तदाब बघायचा. दमछाक होईपर्यंत सायकल चालवायची. किरणोत्सारी पाणी पिऊन शरीरातल्या पाण्याचं प्रमाण काढायचं. एक्स-रे तर विचारू नका. कॉब सगळ्यांतून पार पडल्या. ऑगस्टमध्ये लव्हलेस यांनी स्टॉकहोमच्या वैद्यकीय परिषदेत हे जाहीर केलं आणि वर्तमानपत्रांचा लोंढा आला. तिच्या उड्डाणाच्या तासांबरोबर तिच्या अंगाची मापंही छापून आली.

पुढच्या वर्षी आणखी स्त्रियांना बोलावण्यात आलं. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च जॅकलिन कॉक्रन आणि त्यांचे उद्योगपती पती फ्लॉइड ओडलम यांनी उचलला. या कॉक्रन म्हणजे १९५३मध्ये ध्वनीचा वेग ओलांडणारी पहिली स्त्री आणि युद्धकाळातल्या त्या महिला दलाच्या प्रमुख. एकूण १९ जणींनी तपासण्या दिल्या. कॉब धरून १३ जणी उत्तीर्ण झाल्या. त्यांत कोण नव्हतं! जुळ्या बहिणी जॅन आणि मेरियन डिट्रिक. त्याच महिला दलातल्या माजी वैमानिक आणि शिक्षिका जीन हिक्सन. मिशिगनमध्ये स्वतःची उड्डाणशाळा चालवणाऱ्या बर्निस स्टेडमन. गणिताची पदवी घेऊन टेलिफोन कंपनीत अभियंत्याचं काम करणाऱ्या सारा गोरेलिक. आठ मुलांची आई आणि सिनेटर फिलिप हार्ट यांची पत्नी जेन हार्ट. आणि सर्वांत धाकटी वॉली फंक, जिने मासिकातला लेख वाचून आपणहून पत्र धाडलं होतं.

या तेरा जणी तेव्हा कधीही एकत्र आल्या नाहीत. एकेकटीने किंवा जोडीने यायचं, तपासणी द्यायची आणि परत जायचं. अनेकींना दुसरीचं नावही ठाऊक नव्हतं.

दुसरा टप्पा ओक्लाहोमा सिटीत होता. तिथे अंधाऱ्या, नि:शब्द टाकीत शरीराच्याच तापमानाच्या पाण्यावर तरंगत राहायचं. कॉब ९ तास ४० मिनिटं राहिल्या, फंक १० तास ३५ मिनिटं. तिसरा टप्पा फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या नौदल वैद्यकीय केंद्रात होता. मे १९६१मध्ये कॉबनी तोही पार केला. उरलेल्या बारा जणींनी सप्टेंबरात तिथे जायचं ठरलं.

प्रश्न कुठे अडला

निघायला काही दिवस उरले असताना प्रत्येकीच्या घरी तार आली. पेन्साकोलाचा कार्यक्रम रद्द. सारा गोरेलिक यांनी तोवर नोकरी सोडली होती. जीन नोरा स्टंबो यांनीही ओक्लाहोमा विद्यापीठातली उड्डाण-प्रशिक्षकाची नोकरी सोडली होती.

घडलं होतं ते असं. नौदलाचं केंद्र, नौदलाची जेट विमानं, नौदलाची माणसं वापरायची, तर तो खर्च कुणाच्या तरी मागणीवर टाकावा लागतो. कॉब एकट्या होत्या तोवर ओळखीपाळखीवर निभावलं. बारा जणींचा विषय वर गेला तेव्हा नौदलाने नासाला विचारलं, की तुमची अशी मागणी आहे का? उत्तर आलं, की नासाची अशी मागणी नाही. घोडं पेंड खातं ते नेमकं इथे. नासाने 'स्त्रिया नकोत' असं म्हटलं नव्हतं. आपण मागितलेलं नाही एवढंच म्हटलं होतं, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

अशा उत्तराविरुद्ध दाद मागता येत नाही. सरकारी कामाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

समोर असलेले पर्याय

कॉबपुढे सप्टेंबर १९६१मध्ये तीन वाटा होत्या, असं मागे वळून बघताना दिसतं. लव्हलेसनी नासातल्या आपल्या वजनाचा उपयोग करून रीतसर मागणीपत्र मिळवावं, ही पहिली. ही वाट कॉबच्या हातात नव्हती आणि लव्हलेस तीवर पाऊल टाकायला तयार दिसत नव्हते. नासाचं काम, करार आणि समितीचं अध्यक्षपद त्यांना गमवायचं नसावं, हा माझा अंदाज. दुसरी वाट वैज्ञानिक होती. सगळी आकडेवारी छापायची, पुरुषांच्या निकालांशेजारी मांडायची आणि वैद्यकीय जगाकडून दबाव आणायचा. ती निवडली गेली नाही. तिसरी राजकीय: वॉशिंग्टन गाठायचं.

कॉबनी तिसरी धरली. त्यांना आशा वाटायला कारणही होतं. मे १९६१मध्ये नासाचे प्रमुख जेम्स वेब यांनी त्यांना सल्लागार म्हणून नेमलं होतं. पण सल्ला कुणी मागितलाच नाही. सरकारी खात्यांमध्ये जिचा सल्ला सर्वांत कमी घेतला गेला अशी सल्लागार मी, असं त्या स्वतःच पुढे म्हणत.

नासाची बाजूही नोंदवली पाहिजे. मे १९६१मध्येच केनेडींनी दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवण्याची घोषणा केली. अमेरिकेकडे तेव्हा माणसाच्या अंतराळ उड्डाणाचा अनुभव होता पंधरा मिनिटांचा. अशा वेळी निवडीच्या निकषांना हात लावणं म्हणजे विलंब, ही भीती निव्वळ बहाणा म्हणून सोडून देता येत नाही. मात्र त्या भीतीची कुणी कधी तपासणी केली नाही, हेही खरं.

उपराष्ट्राध्यक्षांचा शेरा

१५ मार्च १९६२ला कॉब आणि जेन हार्ट उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना भेटल्या. अंतराळ परिषद त्यांच्या अखत्यारीत होती. भेटीआधी त्यांच्या सहायक लिझ कार्पेंटर यांनी वेब यांच्या नावे एक पत्र तयार करून ठेवलं होतं. सूर अगदी मऊ: केवळ स्त्री आहे म्हणून कुणाला अपात्र ठरवलं जात नसेल ना, एवढीच विचारणा. जॉन्सननी सही करायची, बस्स.

जॉन्सननी सही केली नाही. पत्रावर मोठ्या अक्षरांत शेरा मारला, 'आता हे थांबवू या!' आणि पत्र दप्तरी दाखल करायला सांगितलं. दोघींना मात्र त्यांनी सांगितलं, की निर्णय नासाचा आहे, माझ्या हातात नाही. तो शेरा लोकांसमोर यायला अनेक वर्षं जावी लागली.

सगळ्या प्रकरणात 'निर्णय' म्हणावा असा हा एकच क्षण सापडतो, आणि तोही ज्यांच्याबद्दल होता त्यांना कळला नाही.

सुनावणी

हार्ट यांच्या खटपटीने १७ आणि १८ जुलै १९६२ला प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. व्हिक्टर अनफुसो अध्यक्ष होते. पहिल्या दिवशी कॉब म्हणाल्या, आम्हाला देशाच्या अंतराळातल्या भवितव्यात भेदभावाशिवाय जागा हवी आहे, एवढंच. हार्ट जास्त रोखठोक होत्या. बाहेरचं अंतराळ म्हणजे काय फक्त पुरुषांचा क्लब आहे का, असा त्यांचा सूर होता.

त्यानंतर जॅकलिन कॉक्रन आल्या आणि वारं फिरलं. आजवर स्त्रियांविरुद्ध जाणूनबुजून किंवा प्रत्यक्षात भेदभाव झालाय असं मला वाटत नाही, असं त्यांनी सांगितलं. घाई नको, आधी मोठ्या संख्येने स्त्रियांचा अभ्यास करा, कारण लग्नामुळे गळती होते, हेही सांगितलं. ज्या बाईंच्या घरच्या पैशाने तपासण्या झाल्या, त्यांनीच साक्षीत पाय मागे घेतला. यामागे मत्सर होता असं लिहायचा मोह अनेकांना होतो. पन्नाशी उलटलेल्या कॉक्रन स्वतः उमेदवार होऊ शकत नव्हत्या आणि नेतृत्व कॉबकडे गेलं होतं, हे खरंच आहे. पण मला दुसरं कारण जास्त पटतं. त्यांनी आयुष्यभर लष्करी अधिकाऱ्यांच्या मर्जीने दरवाजे उघडून घेतले होते. दरवाजावर धडका मारण्याची रीत त्यांना ना रुचणारी होती, ना जमणारी.

दुसऱ्या दिवशी नासाचे जॉर्ज लो आणि दोन अंतराळवीर, जॉन ग्लेन आणि स्कॉट कार्पेंटर. ग्लेन पाच महिन्यांपूर्वीच पृथ्वीप्रदक्षिणा करून राष्ट्रनायक झाले होते. पुरुष युद्धावर जातात, विमानं उडवतात, परत येऊन ती बांधायला आणि तपासायला मदत करतात, स्त्रिया या क्षेत्रात नाहीत ही आपल्या समाजरचनेतली वस्तुस्थिती आहे, असं ते म्हणाले. वैद्यकीय तपासण्यांबद्दल बोलताना फुटबॉल संघाचं उदाहरण दिलं: माझी आई त्यांची शारीरिक तपासणी पास होईलही, पण ती सामने खेळू शकेल असं नाही. सभागृह हसलं.

हे विधान हसून सोडण्यासारखं नाही, कारण त्यात एक खरा मुद्दा दडला आहे. लव्हलेसच्या तपासण्या प्रकृतीच्या होत्या, कौशल्याच्या नव्हत्या. पेन्साकोलाचा टप्पा ती उणीव काही अंशी भरून काढणार होता, आणि तोच रद्द झाला होता. हे जुळवून दाखवायला त्या दिवशी लव्हलेस हजर हवे होते. ते आले नाहीत.

आणखी एक धागा समितीच्या हातून निसटला. निकषांत 'पदवी किंवा तिच्या तोडीचं' ही सवलत होती. १९५९मध्ये निवड झाली तेव्हा ग्लेन आणि कार्पेंटर दोघांचीही पदवी पुरी झालेली नव्हती. त्यांचा अनुभव त्या तोडीचा मानला गेला होता. मग कॉब यांचं तोवर झालेलं १०,००० तासांचं उड्डाण हे टेस्ट पायलटच्या प्रमाणपत्राच्या तोडीचं आहे की नाही, हा सरळ प्रश्न होता. त्याची किनार चर्चेला लागली, पण त्याच्यावर उत्तर घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही असं कुणी म्हटलं नाही. सुनावणी तिसऱ्या दिवशीही चालायची होती. ती दुसऱ्याच दिवशी गुंडाळण्यात आली.

परिणाम

नासाचे निकष तसेच राहिले. १६ जून १९६३ला रशियाने गिरणीत काम केलेल्या आणि हौसेने पॅराशूटच्या उड्या घेणाऱ्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांना पाठवलं. त्यांनी ४८ प्रदक्षिणा केल्या. त्या वैमानिक नव्हत्या. अमेरिकन स्त्रियांच्या हालचालींच्या बातम्या मॉस्कोपर्यंत पोहोचल्या होत्या आणि पहिली स्त्री अमेरिकेची होऊ द्यायची नाही, हा विचार रशियन निवडीमागे होता. म्हणजे कॉब आणि मंडळींचा परिणाम झाला, फक्त दुसऱ्या देशात.

आणि ऑक्टोबर १९६३मध्ये नासाने अंतराळवीरांची तिसरी तुकडी निवडली, तेव्हा टेस्ट पायलटची अट वगळली होती. पंधरा महिन्यांपूर्वी समितीपुढे जी तडजोड अशक्य होती, ती गरज पडल्यावर सहज झाली. जेटच्या १,००० तासांची अट मात्र राहिली, आणि ते तास मिळण्याची जागा अजून लष्करच होती.

नासाने पहिल्या सहा स्त्रिया निवडल्या १९७८मध्ये. सॅली राइड १९८३मध्ये गेल्या. नासाचं अंतराळयान चालवणारी पहिली स्त्री वैमानिक, आयलीन कॉलिन्स, फेब्रुवारी १९९५मध्ये. त्या उड्डाणाला त्यांनी हयात असलेल्या तेरा जणींपैकी काहींना आवर्जून बोलावलं. कॉब यांनी अनेक दशकं ॲमेझॉनच्या जंगलात औषधं आणि धान्य पोहोचवणारं विमान चालवलं. १९९८मध्ये ७७ वर्षांच्या ग्लेन यांना नासाने पुन्हा पाठवलं तेव्हा कॉबसाठीही मागणी झाली, पण उपयोग झाला नाही. २०१९मध्ये त्या गेल्या. वॉली फंक २० जुलै २०२१ला, वयाच्या ८२व्या वर्षी, खासगी यानातून काही मिनिटांसाठी वर जाऊन आल्या.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठी जबाबदारी मी लव्हलेस यांच्यावर टाकतो. हवाई दलाने हात झटकले तेव्हाच नासाकडून एका ओळीचं पत्र मागायला हवं होतं. नकार आला असता तर तो लेखी आला असता, आणि लेखी नकाराला निदान कारण द्यावं लागतं. त्याऐवजी ओळखीने काम काढून घ्यायची पद्धत त्यांनी धरली आणि बोलावलेल्या स्त्रियांना मात्र 'अंतराळवीर उमेदवार' असे शब्द लिहिले. ताकाला जाऊन भांडं लपवलं. त्या शब्दांवर विसंबून लोकांनी नोकऱ्या सोडल्या. याला मी चूक म्हणणार नाही, हा सरळ निष्काळजीपणा आहे.

कॉबच्या बाबतीत माझं मत तितकं ठाम नाही. 'पहिली स्त्री अमेरिकेची हवी' हा मुद्दा त्यांनी बराच पुढे केला. रशियाच्या धास्तीच्या काळात तो चालेल असं वाटणं साहजिक होतं. पण त्याने समोरच्याला सोपी पळवाट मिळाली: स्त्री पाठवणं ही प्रसिद्धीची बाब, आमचं काम चंद्राचं. निकषातल्या 'तोडीच्या' या एकाच शब्दावर त्या अडून राहिल्या असत्या, तर नासाला उत्तर देणं जड गेलं असतं. शिवाय तेरा जणी एकत्र कधी उभ्याच राहिल्या नाहीत. समितीपुढे तेराजणी बसल्या असत्या तर छायाचित्रं तरी निराळी निघाली असती.

समितीने एक साधी गोष्ट करायला हवी होती. पेन्साकोलाच्या तपासण्या पूर्ण करून मगच मत द्या, असं नासाला सांगायचं. खर्च थोडा, वेळ दोन आठवड्यांच्या आसपास. केनेडींच्या मुदतीला त्याने धक्काही लागला नसता.

आपल्याकडच्या वाचकाला यातला एक भाग ओळखीचा वाटेल. फेब्रुवारी २०२४मध्ये गगनयानसाठी जाहीर झालेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट आणि चौघेही पुरुष. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सोमनाथ यांनी २०२३मध्ये कारण उघड सांगितलं होतं: महिला टेस्ट पायलट सध्या उपलब्ध नाहीत, पुढे मात्र त्यांना किंवा महिला शास्त्रज्ञांना प्राधान्य देऊ. १९६२च्या उत्तरापेक्षा हे प्रामाणिक आहे, कारण यात अडचण कुठे आहे ते कबूल केलंय. हवाई दलात स्त्रिया लढाऊ वैमानिक म्हणून २०१६पासून आहेत. तेव्हा विचारायचं असेल तर ते इस्रोला नंतर विचारावं. आधी विचारायचं ते बंगळुरूच्या टेस्ट पायलट शाळेला, की पुढच्या तुकड्यांमध्ये किती जणींची नावं आहेत आणि नसतील तर कोणत्या अटीपाशी ती थांबली.